आवाज कुणाचा? आणि कुठल्या क्लिपचा?

पुरुषोत्तम करंडकाच्या वेळी भरत नाट्यमध्ये घुमणारी ‘अरे, आवाज कुणाचा!’ ही आरोळी आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकली असेल, नाहीतर निदान दिली तरी असेल. तिथे उत्तर सोपं असतं, कारण ज्याचा घसा मोठा त्याचा आवाज. पण तुम्ही एखादी शॉर्ट फिल्म एडिट करायला बसलात आणि समोर शंभरेक फायली पडल्या, काही चित्राच्या, काही नुसत्या आवाजाच्या, एकीचंही नाव धड नाही, तर हाच प्रश्न रात्रीची झोप घालवतो. आवाज कुणाचा? कधीचा? कुठल्या चित्राखाली लावायचा?

मित्रमैत्रिणींनो, घाबरू नका. हा लेख त्याच प्रश्नाचं उत्तर आहे. आणि गंमत म्हणजे हे उत्तर आपण सेकंड इयरला ‘सिग्नल्स अँड सिस्टिम्स’च्या पेपरात शिकलेलो असतो, फक्त परीक्षेनंतर विसरून जातो!

आवाज वेगळा का घ्यायचा?

पहिला प्रश्न कुणीही विचारेल की कॅमेऱ्यात माइक असतोच, मग ही उठाठेव कशाला? कारण असं की कॅमेरा चित्रासाठी लांब उभा राहतो आणि माइकला माणसाच्या जवळ जायचं असतं. दोघांची सोय एका जागी होत नाही.

भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात लागला. त्यात चित्र आणि आवाज एकाच वेळी एकाच फिल्मवर घेतले होते. स्टुडिओजवळून रेल्वे जायची, म्हणून बरंचसं शूटिंग रात्री करावं लागलं. पुढे आवाजासाठी वेगळं यंत्र आलं. स्तेफान कुडेल्स्की यांनी १९५१ साली स्वित्झर्लंडमध्ये ‘नाग्रा’ नावाचा उचलून नेता येणारा टेप रेकॉर्डर बनवला. पोलिश भाषेत ‘नाग्रा’ म्हणजे ‘रेकॉर्ड करेल’. कॅमेरा चित्र घेणार, नाग्रा आवाज घेणार आणि एडिटिंगच्या टेबलावर दोघांचं लग्न लागणार, अशी ही पद्धत. आपल्याकडे मात्र कॅमेऱ्यांचा खडखडाट इतका असायचा की अनेक वर्षं सरळ नंतर डबिंग करायचा रिवाज पडला. २००१ च्या ‘लगान’ने शूटिंगच्या वेळचाच आवाज वापरला तेव्हा त्याची एवढी चर्चा झाली, ती म्हणूनच.

आज आपल्याकडे नाग्रा नाही, पण तळहाताएवढा रेकॉर्डर किंवा खिशातला फोन आहे. पद्धत तीच, म्हणजे लग्नही तेच, आणि वधूवरांची चुकामूकही तीच!

आमची केस

उदाहरण आमच्याच होस्टेलचं घेते. आमच्या मेसचे मामा तीस वर्षं काम करून निवृत्त झाले. त्यांच्यावर वीस मिनिटांची फिल्म करायची असं आमच्या ग्रुपने ठरवलं. शूटिंग तीन दिवस चाललं. एडिटिंग माझ्याकडे आलं तेव्हा मामा बीड जिल्ह्यातल्या आपल्या गावी गेले होते आणि मेसच्या स्वयंपाकघराची मोडतोड सुरू झाली होती. म्हणजे पुन्हा शूट करायचा प्रश्नच नव्हता. हातात होतं तेवढंच.

काय होतं हातात? पहिल्या कॅमेऱ्याच्या ४१ क्लिप, दुसऱ्याच्या २६, रेकॉर्डरच्या १९ फायली आणि कुणाच्या तरी फोनवरच्या ९. एकूण ९५. मामांचा स्पष्ट आवाज फक्त रेकॉर्डरमध्ये होता, कारण माइक त्यांच्या सदऱ्याला लावलेला. कॅमेऱ्याच्या आवाजात मामा कमी आणि एक्झॉस्ट फॅन जास्त.

अशा वेळी पहिला मोह होतो तो सगळ्या ९५ फायली सॉफ्टवेअरमध्ये टाकून ‘सिंक’ दाबण्याचा. तसं करू नका. सॉफ्टवेअरला ९५ फायली म्हणजे गर्दीत हरवलेलं पोर. आधी आपण त्याला गल्ली दाखवायची, मग घर ते शोधतं. मला या लेखात मुख्य सांगायचंय ते एवढंच. आधी क्रम, मग मेळ. आधी मिनिटं जुळवा, मग सेकंद, आणि शेवटी फ्रेम.

पायरी पहिली : हात न लावता कॉपी करा

प्रत्येक यंत्राचा एक फोल्डर करा. कॅमेरा एक, कॅमेरा दोन, रेकॉर्डर, फोन. कार्डावरचं सगळं जसंच्या तसं त्यात कॉपी करा आणि मूळ फायलींची नावं बदलू नका. नाव निरर्थक वाटलं तरी त्यातला नंबर हा क्रम असतो. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, बऱ्याच कॅमेऱ्यांत ९९९९ नंतर पुन्हा ०००१ येतो, त्यामुळे मोठा नंबर म्हणजे नंतरची क्लिप असं दरवेळी नसतं. दोन, काही कॅमेरे सलग शूटिंगचे ४ जीबीचे तुकडे करतात, कारण फॅट ३२ पद्धतीच्या कार्डावर त्याहून मोठी फाईल मावत नाही. हे तुकडे म्हणजे वेगळे शॉट नव्हेत, एकाच शॉटची पुढची पानं आहेत.

आणि क्लिप व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका. चित्र दाबलं जातं, फाईलचं मूळ नाव जातं आणि वेळेची नोंदही जाते. पेन ड्राइव्ह झिंदाबाद.

पायरी दुसरी : सगळ्यांना एका मापात आणा

आपल्याकडे व्हिडिओ सहसा सेकंदाला २५ फ्रेमचा असतो, म्हणजे एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. व्हिडिओचा आवाज ४८ किलोहर्ट्झवर घेतात, म्हणजे एका फ्रेमखाली बरोबर १९२० सॅम्पल बसतात. आता एखाद्याने रेकॉर्डर सीडीच्या ४४.१ वर ठेवला असेल तर? सॉफ्टवेअरने तो ओळखला तर ठीक. पण चुकून ४८ समजून वाजवला तर आवाज जवळपास ९ टक्के वेगाने पळतो आणि मामांचे भाचे होतात!

फोनची अडचण वेगळी. अंधार झाला की बरेच फोन गुपचूप फ्रेम कमी करतात, म्हणजे सेकंदाला कधी ३०, कधी २४. अशी क्लिप सुरुवातीला जुळते आणि मध्येच सरकते. त्यावर उपाय म्हणजे ‘हँडब्रेक’सारख्या फुकट सॉफ्टवेअरमधून ती आधी ठरावीक फ्रेम रेटवर बदलून घ्यायची.

पायरी तिसरी : घड्याळं जुळवा

ही पायरी मला सगळ्यात आवडते, कारण तिला लागतात फक्त वही आणि बेरीज-वजाबाकी.

प्रत्येक फाईलवर ‘मॉडिफाइड’ची वेळ असते. पुष्कळांना वाटतं ती शूटिंग सुरू झाल्याची. साधारणपणे ती रेकॉर्डिंग संपल्याची असते, कारण फाईल तेव्हा बंद होते. म्हणून

सुरुवात = मॉडिफाइडची वेळ वजा फाईलची लांबी.

आता प्रत्येक यंत्राचं घड्याळ वेगळं असतं. आमच्या दुसऱ्या कॅमेऱ्याची बॅटरी बरेच दिवस काढून ठेवलेली, त्यामुळे तो बिचारा १ जानेवारीच्या पहाटेत जगत होता. पण म्हणून त्याचं घड्याळ निरुपयोगी होत नाही. ते चुकीचं असलं तरी चालू होतं. फरक एकदा काढला की झालं.

फरक काढायला दोन्हीकडे असलेली एकच खात्रीची खूण पुरते. आमच्याकडे ती एका पोराच्या हातून पडलेलं स्टीलचं ताट होती. रेकॉर्डरची ७ नंबरची फाईल दुपारी ४ वाजून ४२ मिनिटं १० सेकंदांना संपली होती, लांबी ११ मिनिटं ४० सेकंद. म्हणजे सुरुवात ४:३०:३०. ताट तिच्यात ४७ व्या सेकंदाला पडलं, म्हणजे रेकॉर्डरच्या घड्याळात ४:३१:१७. कॅमेऱ्याची १२ नंबरची क्लिप पहाटे ४:१२:५५ ला सुरू झाली आणि ताट २२ व्या सेकंदाला, म्हणजे पहाटे ४:१३:१७ ला. तारीख सोडून द्या. फरक बरोबर १२ तास १८ मिनिटं.

आता जादू बघा. त्याच कॅमेऱ्याची १८ नंबरची क्लिप पहाटे ५:०२:४० ची. त्यात १२ तास १८ मिनिटं मिळवली की संध्याकाळचे ५:२०:४०. रेकॉर्डरची ९ नंबरची फाईल ५:१४:०० ते ५:३१ अशी चालली होती. म्हणजे या क्लिपचा आवाज ९ नंबरच्या फाईलमध्ये ६ मिनिटं ४० सेकंदांच्या आसपास असणार. न ऐकता कळलं! एका ताटाने २६ च्या २६ क्लिपांना पत्ता मिळाला.

‘आसपास’ म्हटलं, कारण फॅट पद्धतीच्या कार्डावर ही वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यातच लिहिली जाते. म्हणून दहा सेकंद अलीकडे, दहा सेकंद पलीकडे शोधायचं. तरी ३ दिवसांच्या जागी २० सेकंद, काही कमी नाही. महागड्या यंत्रांत हेच काम टाइमकोड करतो. दोन्ही यंत्रांवर तास, मिनिट, सेकंद, फ्रेम असा एकच आकडा चालू राहतो. ब्रॉडकास्ट वेव्ह प्रकारच्या फायलीत तर मध्यरात्रीपासून कितव्या सॅम्पलला रेकॉर्डिंग सुरू झालं तेसुद्धा लिहिता येतं.

या तक्त्यातून आणखी एक फायदा होतो. ज्या क्लिपच्या वेळी रेकॉर्डर बंदच होता, त्या आपोआप वेगळ्या पडतात. त्यांचा जोडीदार शोधत रात्र घालवायची नाही. आमच्या अशा १४ निघाल्या.

पायरी चौथी : जीटी मारा

आता फ्रेमपर्यंत पोचायचं. शूटिंगच्या वेळी क्लॅप दिली असेल तर सोपं आहे. पाट्या टेकल्याची फ्रेम आणि आवाजाच्या वेव्हफॉर्ममधला उंच सुळका एकाखाली एक ठेवा. क्लॅप नसेल तर सॉफ्टवेअर कॅमेऱ्याचा रद्दी आवाज आणि रेकॉर्डरचा स्वच्छ आवाज एकमेकांशी ताडून बघतं. म्हणूनच कॅमेऱ्याचा माइक कितीही वाईट असला तरी तो कधीही बंद करू नये.

ते ताडतं कसं? फर्स्ट इयरला ड्रॉइंगच्या शीटची जीटी मारली असेल ना? काचेखाली दिवा, वर मित्राची शीट, त्यावर आपली, आणि रेषेवर रेष येईपर्यंत सरकवायचं. कोरिलेशन म्हणजे हीच जीटी. एक सिग्नल दुसऱ्यावर सरकवायचा आणि प्रत्येक जागी समोरासमोरच्या सॅम्पलांचा गुणाकार करून बेरीज करायची. नीट बसले की उंचवटा उंचवट्याशी आणि खड्डा खड्ड्याशी भिडतो. धन गुणिले धन धन, ऋण गुणिले ऋण तेही धन, म्हणून बेरीज एकदम उसळी घेते. ती जागा म्हणजे मेळ.

हे सरळ करायला गेलं तर दहा मिनिटांच्या दोन फायलींत प्रत्येकी २ कोटी ८८ लाख सॅम्पल असतात आणि गुणाकार होतात साधारण ८ वर १४ शून्यं इतके. एफएफटी वापरलं तर हेच काम काही अब्ज क्रियांत आटोपतं, म्हणजे लाखपटीहून कमी. एफएफटी कशाला शिकायचं, असं वायवाच्या आदल्या रात्री विचारणाऱ्यांनी नोंद घ्यावी!

पूर्वी यासाठी ‘प्लुरलआईज’ नावाचं वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागे. आता दाविंची रिझॉल्व्ह, प्रीमियर आणि फुकट मिळणारं केडेनलाइव्ह यांच्या आतच ही सोय आहे. फक्त एका वेळी एक क्लिप आणि तिची तक्त्यातली फाईल एवढंच द्या.

आणि इथे एक सापळा आहे. मामा भाकऱ्या थापत बोलतायत असा आमचा सगळ्यात चांगला शॉट होता. थप, थप, थप, साधारण अर्ध्या सेकंदाला एक थाप. आता अशा आवाजाची जीटी मारली तर ती एका जागी नाही, दर थापेला बसते! सॉफ्टवेअरने शेजारची थाप पकडली आणि आवाज सुमारे १२ फ्रेम सरकला. बघताना मात्र थाप आणि हात मस्त जुळलेले, कारण थापा सारख्याच. चुकले होते फक्त ओठ.

ओठ कसे तपासायचे, तर शाळेतलं व्याकरण आठवा. प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण, म्हणजे दोन्ही ओठ मिटल्याशिवाय उच्चारताच येत नाहीत. कॉन्व्हेंटमध्ये मराठीच्या तासाला हे पाठ करताना ते कधी एडिटिंगला उपयोगी पडेल असं मला वाटलं नव्हतं. मामा म्हणाले ‘भाकरी’. ओठ मिटून उघडल्याची फ्रेम शोधली, आवाजातला ‘भ’ तिथे आणला, की प्रश्न मिटला. क्लॅप नसलेल्या कुठल्याही मराठी क्लिपला ही युक्ती चालते. प्रत्येक वाक्यात एखादा तरी ‘प’ किंवा ‘म’ सापडतोच.

पायरी पाचवी : शेवट तपासा

सुरुवात जुळली म्हणून खूश होऊ नका. दोन यंत्रांचे क्वार्ट्झ क्रिस्टल अगदी सारखे चालत नाहीत. आमची एक मुलाखत ५२ मिनिटं सलग होती. सुरुवात फ्रेमला फ्रेम, आणि शेवटी आवाज ४ फ्रेम मागे. ४ फ्रेम म्हणजे १६० मिलिसेकंद, ५२ मिनिटं म्हणजे ३१२० सेकंद. भागाकार केला तर दहा लाखांत ५१ भाग एवढाच फरक. क्रिस्टलची काही चूक नाही, पण ओठ सरकले. उपाय दोन आहेत. एकतर आवाजाचा वेग तेवढाच बदला, म्हणजे ०.००५ टक्के, कानाला कळतही नाही. नाहीतर बोलण्यातल्या शांत जागी कापून प्रत्येक तुकडा पुन्हा जुळवा.

एक फ्रेम आणखी एका कारणाने जाते. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे १४ मीटरला एक फ्रेम. कॅमेरा मेसच्या दुसऱ्या टोकाला असेल तर त्याच्या माइकमध्ये आवाज एक फ्रेम उशिरा पोचतो. त्याच्याशी जुळवलेला स्वच्छ आवाजही मग एक फ्रेम उशिराच बसतो.

पण किती फरक चालतो? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ च्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद आधी आला तरी माणसाला जाणवू लागतं, उशीर मात्र १२५ पर्यंत लक्षात येत नाही. म्हणजे आधी एक फ्रेम, नंतर तीन. कारण उघड आहे. वीज आधी चमकते, मग गडगडते. धोबी आधी कपडा आपटतो, मग आवाज येतो. उलट कधी घडतच नाही, म्हणून उलट झालं की मेंदू लगेच हरकत घेतो. तेव्हा शंका असेल तर आवाज किंचित मागे ठेवा, पुढे कधीही नको.

एवढी कटकट कशासाठी?

चार फ्रेमसाठी जीव काढायचा का, असं माझ्या रूममेटने विचारलं. तिला मी मुलाखतीचा शेवट दोनदा दाखवला, एकदा सरकलेला आणि एकदा जुळवलेला. मामांना विचारलं होतं, “मामा, इतकी वर्षं सगळ्यांना वाढलंत, तुम्ही स्वतः कधी जेवायचात?” मामा ओठ उघडतात, थांबतात, मिटतात. मग म्हणतात, “पोरं उठली की.” पहिल्या वेळी आवाज आणि ओठ वेगवेगळे, ती हसली. डब केलेला सिनेमा वाटला म्हणाली. दुसऱ्या वेळी ती हसली नाही.

त्या थांबण्यात मामा काय म्हणणार होते ते आपल्याला कळणार नाही. पण ते थांबले हे कळायला हवं, आणि ते फक्त मेळ बरोबर असेल तरच कळतं. हॉलमध्ये मागच्या बाकांवरून कमेंट पास करणारे आपण सगळेच आहोत. आवाज सरकला की पडद्यावरचा माणूस विनोदी होतो, मग तो काहीही सांगत असो. तीस वर्षं वाढणाऱ्या माणसाला आपल्या टाइमलाइनमुळे हसू होऊ नये, एवढी जबाबदारी एडिटरची आहे.

पुढच्या वेळेसाठी

जाता जाता ज्युनिअर्ससाठी चार सूचना, कारण वरच्या पाचही पायऱ्या यांनी निम्म्या होतात.

१. सकाळी सगळ्या यंत्रांची घड्याळं लावा आणि प्रत्येक कॅमेऱ्याने सेकंदासकट फोनचं घड्याळ पाच सेकंद शूट करा.

२. प्रत्येक शॉटच्या सुरुवातीला शॉटचा नंबर मोठ्याने बोला आणि कॅमेऱ्यासमोर हाताने टाळी वाजवा. सुरुवातीला राहिली तर शेवटी वाजवा.

३. लांब मुलाखतीत सुरुवातीला आणि शेवटी, दोन्हीकडे टाळी हवीच. सरकलेला आवाज तिथेच पकडला जातो.

४. दिवस संपला की त्याच रात्री फायली यंत्रवार कॉपी करा. ‘उद्या करू’ हे वाक्य सबमिशनसाठी राखून ठेवा.

पुढच्या गॅदरिंगला कोण कोण फिल्म करतंय ते दिसेलच. एकच लक्षात ठेवा. एक टाळी सुरुवातीला वाजवाल, तर शेवटच्या टाळ्या तुमच्या!